वाघमारे काकांची पाण्यातली स्कूटर

आमच्या लातूरच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि तेही येऊ की नको असा विचार करत येतं. अशा गल्लीत एक गृहस्थ रोज संध्याकाळी नारिंगी लाईफ जॅकेट घालून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळून, अंगणातल्या वॉटर स्कूटरवर बसायचे. स्कूटर ट्रॉलीवर, ट्रॉली फरशीवर, आणि फरशीशेजारचा बोअर उन्हाळ्यापासून आटलेला. काका हँडल डावीकडे वळवायचे, उजवीकडे वळवायचे, मधेच एक हात वर करून समोरच्याला सावध करायचे. समोर जास्वंदीचं झाड होतं. गल्लीतला भाजीवाला पहिल्या दिवशी थांबून बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो काकांचा हात वर दिसला की हातगाडी निमूटपणे बाजूला घेऊ लागला.

हे आमचे वाघमारे काका. पूर्ण नाव उत्तमराव. अहमदपूरच्या तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, आणि माझे घरमालक. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो आणि एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो, म्हणून वयानं अर्धा असूनही त्यांच्या तोंडी मी ‘सर’.

काकांचं कुठलंही वाक्य ‘समजा’पासून सुरू होतं. समजा, लाईट गेली. समजा, दूध नासलं. मी खोली बघायला आलो तेव्हा त्यांनी मला भाडं सांगण्याआधी विचारलं होतं, “समजा सर, तुमचं लग्न झालं अन् वहिनीला जिना चढवंना, मग?” माझं लग्न ठरलेलंही नव्हतं. तरी त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात जिन्याला कठडा लावून घेतला. तो अजून वहिनीची वाट बघतोय.

असा सावध माणूस वॉटर स्कूटरच्या नादी कसा लागला, हे गल्लीला कोडं होतं. काकांनी कोकणातल्या कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याकडून ती जुनी घेतली. नारळाच्या ट्रकमधून ती आली. उतरवताना ट्रकवाल्यानं विचारलं, इथं समुद्र कुठं हाय. काका म्हणाले, तूर्तास न्हाई. नंतर पंधरा दिवस गल्लीत तर्क चालले. कुणी म्हणालं फवारणीचं यंत्र आहे, कुणी म्हणालं निवडणुकीला उभे राहणार आहेत. खरं काय ते काकांनी मला एकट्याला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला जायचं, विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यात स्कूटर सोडायची, आणि गोदावरीतून वरच्या अंगाला जायचं. वाटेत काठावर तंबू ठोकून मुक्काम करायचा. सोबतीला कोण, असं मी विचारलं. ते माझ्याकडे बघून नुसते हसले.

मला पोहता येत नाही, हे मी लगेच सांगितलं. काका म्हणाले, “ते लई चांगलं झालं. पोहता येणारा माणूस बेफिकीर असतो.”

मग आमची तयारी सुरू झाली. मागच्या सीटवर मी बसायचो. काका हँडल धरून परिस्थिती सांगायचे आणि मी उपाय सांगायचा. समजा, इंजिन बंद पडलं. समजा, कोल्हं आलं. समजा, तुम्हाला एकाएकी शिंक आली अन् तुम्ही मला सोडलं. सर्वांत वाईट ‘समजा’ म्हणजे स्कूटर उलटणे. त्यासाठी काकांनी ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना गाद्या अंथरल्या आणि आम्ही दोघं, एक साठी ओलांडलेला आणि एक तिशीतला, रोज संध्याकाळी डावीकडे आणि उजवीकडे आलटून पालटून पडू लागलो. पडल्यावर शिट्टी वाजवायची असा नियम होता. एकदा माझे दोन विद्यार्थी शंका विचारायला फाटकात आले आणि मला गादीवर उताणं पडून शिट्टी वाजवताना त्यांनी पाहिलं. शंका न विचारताच ते परत गेले.

परवानगीसाठी काका एका कार्यालयात खेटे घालत होते. तिथल्या कारकुनाला कळेना, हे वाहन म्हणायचं की होडी. वाहन म्हटलं तर चाकं नाहीत, होडी म्हटलं तर वल्हं नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. काका मात्र खूश होऊन घरी यायचे. पोरगा हुशार हाय म्हणायचे, मीबी हेच विचारलं असतं. शेवटी हरकत नसल्याचं पत्र मिळालं, तेव्हा त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं.

एवढ्या बारीक आखणीत मला एकच गोष्ट खटकत होती. पहिल्या दिवसाचं सगळं ठरलेलं होतं, जेवण, मुक्काम, चहाची भुकटीसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुठं पोचायचं तेही ठरलेलं होतं. त्यापुढं काहीच नव्हतं. मी विचारलं की त्यानंतर काय, तर काका जॅकेटचा पट्टा आवळत म्हणायचे, “ते प्रकरण प्रलंबित हाय.”

दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. डाळ मिलवाल्या एका ओळखीच्याची जीप, मागं ट्रॉली, ट्रॉलीवर स्कूटर. अहमदपूरला बसस्टँडसमोर चहाला थांबलो, तर जीपभोवती ही गर्दी. काकांना तहसीलपासून ओळखणारे लोकही त्यात होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, ॲव्हरेज किती देते. काकांनी समजावून सांगितलं की ही किलोमीटरवर चालत नाही, तासावर चालते. तासाला किती पिते ते ऐकल्यावर गर्दी एक पाऊल मागं सरकली. एक म्हातारे गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, साहेब चांगला माणूस होता, घरात कुणी नसलं की असं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. काकांनी ते ऐकलं असावं, कारण पुढं बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत होते.

विष्णुपुरीला पाणी पाहून मात्र त्यांचा चेहरा पालटला. वरच्या अंगाला पावसाळा भरपूर झालेला, नदी काठोकाठ. ट्रॉली पाण्यात उतरवली, मागच्या तिसऱ्या सीटवर तंबू, पेट्रोलचे डबे आणि स्टोव्ह बांधला, मधे मी, पुढं काका. जीपवाला परत गेला. काकांनी किल्लीची दोरी मनगटाला अडकवली, एकदा पाण्याला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि स्कूटर सुरू केली.

गादीवरची तयारी आणि नदी यांत फरक असतो. पहिली दहा मिनिटं मी डोळे मिटून काकांच्या पाठीला घट्ट चिकटलो होतो. उघडले तेव्हा दोन्ही काठांवरचा ऊस मागं पळत होता, बगळे उडत होते, आणि माझ्यापुढं बसलेला अव्वल कारकून मोठ्यानं हसत होता. काकांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. काठावर म्हशी धुणारा एक माणूस हात हलवू लागला. काकांनी हँडलवरचा हात काढून त्याला हात केला, जे सावध करण्याखेरीज आमच्या सरावात सक्त मना होतं.

पहिला मुक्काम काठाला उरलेल्या वाळूच्या एका पट्ट्यावर झाला. काकांनी तंबू ठोकला, तो पाहून मी चकित झालो. दोन माणसांना हवा त्यापेक्षा कितीतरी मोठा, जाड कापडाचा, महिनाभर राहता येईल असा. त्यांनी स्टोव्हवर चुरमुऱ्यांचा सुशीला केला. चुरमुरे भिजवताना म्हणाले, पाण्याची कमी न्हाई, सर, आज पाहिजे तितकं भिजवा. सूर्य मावळत होता. मी सहज विचारलं, पोहायला कुठं शिकलात. ते म्हणाले, अक्कानं शिकवलं, ह्याच नदीत, कमरेला भोपळा बांधून. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तीन वर्षं खालच्या मजल्यावर मी रोज चहा प्यालो होतो, पण त्यांना बहीण आहे हे मला त्या वाळूवर कळलं. मी आणखी विचारणार, तर ते स्टोव्ह विझवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं ठीक चाललं होतं. एका वळणावर नदीत हिरवं कुरण दिसलं. ते कुरण नव्हतं, जलपर्णी होती. काकांचे शंभर ‘समजा’ झाले होते, हा तेवढा राहून गेला. स्कूटर आत घुसली, खरखरली आणि बंद पडली. मुळं आत ओढली गेली होती. आम्ही हातानं उपसली, पण इंजिन काही ऐकेना. मी शिट्टी वाजवली. खूप वेळानं एक मासेमार होडी घेऊन आला. त्यानं आमच्याकडं, मग स्कूटरकडं पाहिलं आणि काही न विचारता तिला दोर बांधला. कुठं सोडू, एवढंच म्हणाला. काकांनी वरच्या अंगाच्या एका गावाचं नाव सांगितलं.

होडीत मी काकांच्या शेजारी बसलो. दोराला स्कूटर मुकाट मागं येत होती. काका तिच्याकडे बघत म्हणाले, “अक्काचं गाव हाय ते.”

मग सगळं सांगितलं. आई लवकर गेली, तेव्हा काका लहान होते. अक्कानंच त्यांना वाढवलं. सासरी गेली तरी ह्यांना घेऊन गेली, शाळेत घातलं, नोकरी लागेपर्यंत सांभाळलं. पुढं दाजी वारले. काका गेले, माती दिली, आणि ऑफिसात ऑडिट आहे म्हणून त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं परत निघाले. अक्का दारात उभी होती. म्हणाली, यायचं तर मुक्कामाला ये, न्हाई तर येऊच नको. काकांना ते लागलं. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्षं गेली. मग लाज वाटू लागली. अक्काचा मुलगा पुण्याला, ती गावात एकटी.

मी म्हणालो, “काका, नांदेडहून एसटी जाते की तिथं.”

“जाते. समजा, यष्टीनं गेलो. मग मी कोण? इतक्या वर्षांनी तोंड घेऊन आलेला भाऊ. तिनं दार लावलं असतं, अन् मी परतीची गाडी धरली असती. मला मी चांगला ठावा हाय.” त्यांनी मागच्या स्कूटरकडे बोट केलं. “ह्याच्यावर बसून गेलो तर निदान हसन तरी ती. अन् न्हाई घेतलं घरात, तर तंबू हाय. दारापुढं ठोकून बसीन. मुक्काम तर होईन.”



गावाच्या घाटावर पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. दोराला बांधलेलं काहीतरी येतंय म्हटल्यावर सगळं गाव पाण्याशी जमलं. काका उतरले, गुडघाभर चिखलात, नारिंगी जॅकेट, हेल्मेट, मिशीला शेवाळ. कुणी ओळखीचं जयभीम म्हणालं, काकांनी हात जोडले, पण नजर मागं होती. गर्दीतून काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. पांढरे केस, ताठ मान, काकांसारखंच नाक. तिनं आधी स्कूटर पाहिली, मग भाऊ पाहिला. हसली नाही.

“हे काय घातलंस रे, उत्त्या?”

“बुडू न्हाई म्हणून.”

“तुला पोहायला येतं की.”

“लई वर्सं झाली, अक्का. इसरलो असन.”

ती बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, “लगेच चाललास, का मुक्काम हाय?”

“मुक्काम हाय,” काका म्हणाले.

ती वळली आणि चालू लागली. ये म्हणाली नाही, येऊ नको म्हणाली नाही. आम्ही सामान घेऊन मागं निघालो. घर छोटं, स्वच्छ, ओसरीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. काका उंबऱ्याशी घुटमळले आणि अंगणातच तंबूची घडी सोडू लागले. अक्का ओसरीवर बसून बघत होती. काकांचं ऐकून मलाही म्हणाली, सर, तुम्ही घरात या, ह्याला राहू द्या भाहीर, लई दिवस राह्यला की भाहीर. तंबू उभा राहिल्यावर मात्र ती उठली, काठीनं पडदा बाजूला केला आणि आत शिरली. मग ऐकू आलं, ती त्यांना रागावत होती. खुंट्या नीट ठोकल्या नाहीत, खाली कामून काही अंथरलं नाही, ओल येईल, सर्दी होईल. तिच्या रागावण्याला खंड नव्हता. तिच्या त्या बोलण्यात काकांचं एक होकाराचं ‘हाव’ अधूनमधून ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं, क्लास सुरू होणार होते. काका राहणार होते. कधीपर्यंत, ते मी विचारलं नाही. सकाळी पिशवी घेऊन बाहेर आलो तर ते दोघं ओसरीच्या पायरीवर होते. अक्का वरच्या पायरीवर, काका खालच्या. ती त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. डोक्यावर केस फारसे नव्हतेच, आणि त्याबद्दलही ती बोलत होती. अख्ख्या तहसीलीला कामाला लावलेला माणूस डोळे मिटून, मान पुढं करून बसला होता.

वेशीवर एसटी येऊन थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. काकांचा निरोप घेतल्याशिवाय जाता येत नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना डोळे उघडायला लावावं लागलं असतं. मी पिशवी खाली ठेवली. पुढची गाडी दुपारची होती.