डाव्या सिलचा मारेकरी

मी जन्मजात गुप्तहेर आहे. माझी नजर इतकी तीक्ष्ण, की समोरच्याने तोंड उघडलं की तो बोलणार हे मी लगेच ओळखतो. हातानेही नेटका. कुठे भोक किंवा फट दिसली, की ती बुजवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर परवा बायकोने एक प्रकरण माझ्याकडे सोपवलं. म्हणजे ती अंगणातून ओरडली, "अहो, तुमचा खटारा खालून गळून पडतोय!"

आधी प्रेताची ओळख करून देतो. गाडीत चढताना दाराखालची जी पत्र्याची पट्टी आपण ओलांडतो, ती सिल. आतून पोकळ असते. आमच्या गाडीची उजवी सिल ठणठणीत होती. डावीला वरच्या कडेला बोट लावलं, तर बोट आरपार!

मी वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, "जुन्या पत्र्याचं ठिगळ स्वस्तात मारतो. पण गंज कशाने लागला ते शोधा, नाहीतर तेही खाईल."

"रविवारी भंगारवाला येतोय," बायको म्हणाली. "तोवर कारण सापडलं नाही, तर गाडी गेली समजा."

गाडी जाऊ देणं शक्यच नव्हतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा भांडलो ते याच गाडीत.

पहिला संशयित शेजाऱ्यांचा कुत्रा. पाय वर करण्याबद्दल कुप्रसिद्ध. मी कुंपणामागे दबा धरला. तो आला, सिल हुंगून त्याने तोंड फिरवलं आणि माझ्या बुटाकडे वळला. कुत्रा निर्दोष. बूट वाळत घातलेत.

दुसरा संशय सासूबाईंवर. गाडीत त्या नेहमी डावीकडे बसायच्या.

"सासूबाई, ओली छत्री कुठे ठेवता?"

"बसमध्ये. तुमचं ड्रायव्हिंग पाहिल्यापासून मी बसनेच जाते, जावईबापू."

तेवढ्यात वेल्डरने गाडी ढकलली. डाव्या सिलच्या आत काहीतरी डुचमळलं. सासूबाईंनी कान टवकारले.

"पाणी साचलंय. माझ्या गुलाबाच्या कुंडीचं भोक बुजलं होतं, तेव्हा मुळं अशीच कुजली. पाण्याला खाली वाट आहे का बघा."

वेल्डर गाडीखाली सरकला. "उजवीकडे भोकं मोकळी आहेत. डावीकडची कुणीतरी पुट्टीने बुजवलीत."

"घातपात!" मी भिंग घेऊन गाडीखाली घुसलो. "आणि हा बघा, पुट्टीत अंगठ्याचा ठसा! मधोमध आडवा व्रण! आता गुन्हेगार सुटत नाही!"

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे माझ्या अंगठ्याकडे बघत होते. बटाटे सोलताना कापल्याचा आडवा व्रण आहे त्यावर.

"मग उजवीकडची का सोडलीत?" बायकोने विचारलं.

"पुट्टी संपली असावी," मी तज्ज्ञ म्हणून मत दिलं.

वेल्डरने सडका पत्रा कापला, जुन्या वॉशिंग मशीनचा पत्रा जोडला आणि भोकं मोकळी ठेवली. मी आणलेला पुट्टीचा नवा डबा सासूबाईंनी जप्त केला.

रविवारी भंगारवाला आला. बायको म्हणाली, "गाडी राहू द्या. यांचं काय येईल?"

त्याने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं, डोक्यावर हलकेच टकटक केलं आणि मान हलवली.

"ताई, पोकळ माल आम्ही घेत नाही."