दत्तारामांची गाज

निवृत्तीनंतर दत्ताराम परबांनी हवामानावर लक्ष ठेवायचं काम अंगावर घेतलं. कुडाळच्या ऑफिसात असताना छत्री कधी न्यायची हेसुद्धा त्यांना त्यांच्या पत्नी आनंदीबाईच सांगायच्या (आणि ती ते ऑफिसातच विसरून यायचे). पण अलीकडे ऋतूंनीच ताळतंत्र सोडलं होतं. भात कापायला आलं की पाऊस, थंडीत उकाडा, आंब्याला दोनदा मोहोर. मोबाइलवरचा अंदाजही रोज बदलू लागला, तेव्हा दत्तारामांनी ठरवलं, आता वाडीला आपणच सांभाळायचं.

मे महिन्यात एका सकाळी पडवीत बसल्या बसल्या त्यांना समुद्राची गाज ऐकू आली. गाज आली की पाऊस आला, हे आजोबांपासून चालत आलेलं शास्त्र. कसालजवळच्या त्यांच्या घरापासून समुद्र चांगलाच लांब, पण दत्तारामांचा स्वतःच्या कानांवर फार विश्वास.

"अगो, सोलां उचल! पावस इलो!"

घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत होती. पुन्हा पुन्हा रस चोळून, उन्हात घालून आनंदीबाईंनी ती लेकीसाठी केली होती. पुण्यात संचिताला दिवस गेले होते आणि सोलकढीशिवाय तिच्या पोटात काही ठरत नव्हतं.

"अजून ओली आसत ओ."

"माका कान आसत!"

सोलं डब्यात गेली, झाकण घट्ट बसलं. त्यानंतर आभाळात औषधालाही ढग नाही. डबा उघडला तेव्हा सोलांवर पांढरी बुरशी. आनंदीबाईंनी डबा माडाच्या आळ्यात रिकामा केला, ते दत्तारामांना जास्त लागलं. लेकीच्या तोंडचा घास आपण नासवला, म्हणून त्यांना खरंच वाईट वाटलं.

शेजारचा सुदेश म्हणाला, "काका, दर्या खंयचो? हायवे मोठो झालो, ते ट्रक ऐकाक येतत."

"माका दर्या आणि ट्रक यातला कळणा नाय काय रे?"

आनंदीबाईंनी कोकमाच्या झाडावरचे उरलेसुरले रतांबे काढून पुन्हा सुरुवात केली. आणि नवल म्हणजे रोज सकाळी चहा देताना त्या आपणहून विचारू लागल्या, "ओ, आज गाज येता?"

"येता तर! दुपारपर्यंत पावस पडतलो."

त्या मान डोलवायच्या आणि खळ्यात जाऊन सोलं पसरायच्या. दत्ताराम ते बघायचे. पण बायको एकदम कशी मान्य करील? विचारते हेच पुष्कळ, असं म्हणून ते चहा संपवायचे.

एका सकाळी मात्र गाज आली नाही. "आज चकचकीत ऊन पडतला," असं सांगून दत्ताराम छत्रीशिवाय कसालच्या बाजारात गेले. परतताना पावसाने असं झोडपलं की हातातली कागदी पिशवी विरघळून बटाटे रस्त्यावर गेले. धापा टाकत घरी येऊन बघतात, तर सोलं पडवीत कोरडी ठणठणीत!

पुढे ती सोलं जावयाबरोबर पुण्याला पोचली आणि संचिताचा फोन आला. "बाबा, सोलकढी पोटात ठरली! तुमच्यामुळे सोलां वाचली, आय सांगता."

दत्तारामांनी छाती पुढे काढली. "गाजेचा शास्त्र आसा ता, बाय."

"ता माका म्हायत नाय. तुमी ऊन पडतला म्हटलास, म्हणान आयेन तेव्हाच सोलां उचलल्यान. आता अख्खी वाडी तसाच करता ना?"

दत्ताराम फोन कानाला धरून पडवीत आले. तेवढ्यात कुंपणापलीकडून सुदेशची हाक आली.

"काका, उद्या पावस पडतलो म्हणान सांगा हां! माका छप्पर उघडून कौलां परतूची आसत."