चौदावा थांबा

शुक्रवारी सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं होतं, आणि पावणेदहा वाजले तरी बिंदुमाधव जेवणाच्या टेबलाशी बसून सहलीचा आराखडा सुधारत होते. दारात गाडी सामान भरून उभी होती. मुलगा श्रीहर्ष दोनदा तिच्यात जाऊन बसला होता आणि दोनदा उतरून परत आला होता. डब्यातल्या इडल्या अत्तिबेलेला राज्याची हद्द ओलांडल्यावर खायच्या, असं आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण सुनेला, आश्लेषाला, भूक घरी बसवनगुडीतच लागली आणि डबा रिकामा झाला.

बिंदुमाधवांनी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं उत्पादनाचं नियोजन केलं. त्यांच्या हातून एक व्हॉल्व्हसुद्धा कधी उशिरा गेला नाही. तंजावरच्या या सहलीला मात्र अकरा वर्षं उशीर झाला होता.

सहल मुळात त्यांच्या बायकोची, क्षमाची. ती तंजावरकडची. माहेरचं घर विकलं गेलं होतं, माणसं पांगली होती. तिला फक्त तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर जायचं होतं आणि लहानपणी बसायची तसं पाण्यात पाय सोडून बसायचं होतं. एवढंच. बिंदुमाधवांना हे 'एवढंच' काही पटेना. राज्याची हद्द ओलांडून चारशे किलोमीटर जायचं आणि वाटेतलं काहीच बघायचं नाही? मग होगेनक्कलचा धबधबा आला, मेट्टूरचं धरण आलं, येरकाडचे डोंगर, नमक्कलचा किल्ला, श्रीरंगम, असं एकेक बघण्यासारखं ठिकाण आराखड्यात येत गेलं आणि घाटाचा वेळ कमी होत गेला. पहिल्या आराखड्यात घाटाला दोन तास होते. चौथ्यात वीस मिनिटं. नवव्यात घाट चौदावा थांबा झाला आणि त्याच्यापुढे बिंदुमाधवांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वेळ उरल्यास.'

क्षमाला जाऊन अडीच वर्षं झाली होती. ती गेली, आराखडा तेवढा राहिला. शेवटी श्रीहर्षने तीन दिवसांची रजा काढली, एचएसआर लेआउटमधल्या आपल्या घरून आश्लेषाला घेऊन आदल्या दिवशीच मुक्कामाला आला आणि निक्षून सांगितलं, की आईसाठी या वेळी जायचंच.

"अण्णा, चला ना आता."

"स्वल्प थांब रे. होगेनक्कलला पाणी वाढलंय. टोपलीच्या होड्या बंद आहेत, आत्ताच कळलं."

"मग होगेनक्कल गाळू."

"गाळू म्हणजे? तिथे दीड तास धरलाय मी. तो गाळला की आपण मेट्टूरला भर दुपारी दोनला पोचणार. उन्हात धरण काय बघायचं? म्हणजे आधी येरकाड. येरकाडला गेलो की सूर्यास्ताला थांबायला हवं. सूर्यास्त झाला की अंधारात डोंगर उतरायचा नाही, म्हणजे मुक्काम वरतीच. मग सेलमचं हॉटेल रद्द."

"सरी, करतो रद्द."

"ते एक दिवस आधी करावं लागतं."

"म्हणजे काल निघायला हवं होतं," आश्लेषा म्हणाली. ती पुण्याची होती.

बिंदुमाधवांनी या सूचनेचा गंभीरपणे विचार केला. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

"सव्वादहा झाले. साडेदहाला राहुकाळ लागतो. आता बारानंतरच."

"अण्णा, तुमचा कुठे विश्वास आहे राहुकाळावर?" श्रीहर्ष म्हणाला.

"माझा नाही. तिचा होता."

बारानंतर म्हणजे सगळ्या वेळा पुन्हा मांडायच्या, आणि पुन्हा मांडायच्या म्हणजे आज निघणं नाही, हे तिघांनाही कळत होतं. आश्लेषालाच मार्ग सुचला.

"मग प्रस्थान ठेवा ना! माझी आत्या ठेवायची. साडेदहाच्या आत एक पिशवी जायच्या दिशेला शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची, की आपण निघालो असं होतं. मग सवडीनं निघायचं आणि जाताना पिशवी उचलायची."

"ठेवलेली पिशवी परत घरात आणायची नसते पण," बिंदुमाधव हळूच म्हणाले. "क्षमा सांगायची."

"आणतंय कोण? आपण जाणारच आहोत."

कारखान्यातली सवय अशी, की मुदत समोर दिसली की बिंदुमाधवांच्या अंगात बळ यायचं. दहा सव्वीसला त्यांनी आपली हातपिशवी उचलली, दारातल्या दिसतील त्या चपला पायांत अडकवल्या आणि रस्त्याच्या दक्षिणेकडचं चौथं घर धावत गाठलं. मागोमाग श्रीहर्ष आणि आश्लेषाही पोचले. त्या घरात वीणाअक्का राहायच्या. क्षमाची रोजची संध्याकाळ त्यांच्या कट्ट्यावर जायची.

"अय्यो, परत प्रस्थान?" वीणाअक्कांनी पिशवीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. त्या आत गेल्या आणि कपाटातून एक निळी कापडी पिशवी घेऊन आल्या. तिच्यावरचं चिकपेटच्या साडीच्या दुकानाचं नाव पुसट झालं होतं.

"आधी ही न्या. मग ती ठेवा."

बिंदुमाधवांनी पिशवी ओळखली. "ही... क्षमाची."

"तीन वर्षं झाली. त्या वेळी तुम्ही सकाळीच म्हणालात, वाटेतला पूल दुरुस्तीला काढलाय, आठ दिवसांनी जाऊ. मी तिला म्हटलं, घेऊन जा गं पिशवी. तर म्हणाली, 'ठेवलेलं परत न्यायचं नसतं, अक्का. आम्ही दोघं येऊ ना न्यायला.'"

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"दोनदा आले होते सांगायला. दोन्ही वेळा तुम्ही ते कागद पसरून बसला होतात. धीर झाला नाही मला."

बिंदुमाधवांनी पिशवीचा बंद सोडला. एक सुती साडी, सुपारी, हळकुंड. आणि खाली नीट घडी घातलेले दोन टॉवेल.

"पाय पुसायला," वीणाअक्का म्हणाल्या. "एक तिचा, एक तुमचा. मी हसले. म्हटलं, ते कुठले पाण्यात पाय घालतायत! तर म्हणाली, 'घालतील. वेळ उरला तर.'"

बिंदुमाधव कट्ट्यावर बसले. तिने आराखडा वाचला होता. वाचूनही एका शब्दानं बोलली नव्हती, फक्त दुसरा टॉवेल घेतला होता. दोन्ही टॉवेल तोंडाशी धरून ते लहान मुलासारखे रडले, आणि भर रस्त्यावर, सगळ्यांदेखत रडलो याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं श्रीहर्ष जवळ आला. त्याचेही डोळे लाल झाले होते.

"अण्णा, घरी चला. स्वल्प पडा. बारानंतर बघू."

"घरी नाही. ही परत न्यायची नसते. गाडी इथे आण."

"बरं. आराखड्याची फाइल घेऊन येतो."

"फाइल राहू दे."

"राहुकाळ चालू आहे पण," आश्लेषा म्हणाली. तिलाच आता भीती वाटायला लागली होती.

"तो मला असेल. ती मुहूर्तावरच निघालीय. उशीर मी केला."

गाडी आली. बिंदुमाधव निळी पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले. वीणाअक्कांनी गाडीचं दार लावलं आणि काचेवर नुसता हात ठेवला.

"पहिला थांबा कुठला, अण्णा?" श्रीहर्षने विचारलं.

"चौदावा."

हद्द घरापासून तासा-दीड तासावर होती, आणि तेवढं ओलांडायला अकरा वर्षं लागली. अत्तिबेलेच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगेत उभं असताना आश्लेषाचं लक्ष सासऱ्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात त्यांची स्वतःची तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्यात श्रीहर्षची निळी रबरी.

"अय्या, अण्णा! चपला! फिरायचं का मागे?"

बिंदुमाधवांनी पायांकडे बघितलं. मग पिशवी जरा घट्ट धरली.

"नको," ते म्हणाले. "तिथे काढायच्याच आहेत."