इटालियनमध्ये दादांचा नंबर

“महिनाभर थांब! मग माझं इटालियन ऐकून खुद्द इटालियन माणूस म्हणेल, अहो, जरा सावकाश बोला, आम्हाला झेपत नाही!”

ही घोषणा डॉक्टरांनी जेवताना, हातातला चमचा ध्वजासारखा उंचावून केली. बायकोने तो चमचा आधी खाली घ्यायला लावला. त्यातला रस्सा नव्या टेबलक्लॉथच्या दिशेने निघाला होता.

डॉक्टर हे माणसांचे डॉक्टर नव्हते. ते कॉफीची यंत्रे दुरुस्त करीत. बिघडलेल्या यंत्राच्या पोटाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावायचे, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आतल्या काळोखात कोणता झरा कुठे अडला आहे ते ऐकायचे, अशी त्यांची तपासणीची रीत होती. म्हणून दुकानात त्यांचे नाव डॉक्टर पडले. आणि त्यांच्या हाताखाली शिकून आता त्यांच्याच खुर्चीकडे प्रेमाने पाहू लागलेल्या दुसऱ्या कारागिराचे नाव, ओघानेच, कंपाउंडर.

त्या खुर्चीचाच प्रश्न होता. यंत्रे बनवणारा इटालियन कारखाना दुकानातल्या एका कारागिराला प्रशिक्षणासाठी बोलावणार होता. कारखान्यातली एक बाई आधी दुकानात फोन करणार, उमेदवाराचे नाव, पत्ता, फोन, ई-मेल त्याच्याच तोंडून इटालियनमध्ये ऐकणार आणि मग संध्याकाळी त्या नंबरवर घरी फोन करून यंत्रांविषयी बोलणार.

“जो जाऊन येईल तो इथला मुख्य कारागीर,” मालकीणबाई म्हणाल्या होत्या. कंपाउंडर दुसऱ्याच दिवशी टाय बांधून आला. बॉयलर धुताना तो टाय त्याने खांद्यावरून पाठीवर टाकला, पण काढला नाही!

डॉक्टरांनी इटालियनच्या वर्गात नाव घातले. वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरत असे. खालून वाफ यायची, आणि त्या उबदार धुक्यात बेकरीवाल्या बाई, एक दंतवैद्य, लग्न ठरलेली एक मुलगी आणि डॉक्टर असे सगळे जण लहान मुलांच्या आज्ञाधारकपणाने बसायचे.

“पहिला धडा, स्वतःची माहिती देणे,” शिक्षिका म्हणाल्या. “खरीच माहिती द्यायची बरं का! खोट्या पत्त्याने जिभेला वळण लागत नाही. आणि रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून इटालियनमध्ये पत्ता विचारायचा. हाच गृहपाठ.”

इथे डॉक्टर अडले. मागे एकदा मिक्सर घेताना त्यांनी दुकानदाराला आपला नंबर दिला होता. तेव्हापासून अनोळखी माणसे त्यांना फ्लॅट, कवळी आणि मनःशांती विकायला बघत होती. आपला नंबर, आणि तो भर वर्गात? छे!

आणि मग त्यांना दादा आठवले.

दादा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. सारा जन्म त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढला होता. आता ते निवृत्त होते, विधुर होते, आणि कोपऱ्यातल्या तिपाईवरचा त्यांचा काळा फोन एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखा दिवसभर निजून असे. डॉक्टरांना ते जावईबापू म्हणत, आणि दर भेटीत फोनवर बोलण्याचे शास्त्र शिकवत. “जावईबापू, तुम्ही नुसतं हॅलो म्हणता. हॅलो हे काय नाव आहे का? आधी आपलं नाव सांगावं!”

“घ्या मग!” असे डॉक्टर मनातल्या मनात म्हणाले, आणि त्यांनी वर्गाला दादांचा पत्ता दिला, दादांचा नंबर दिला, आपल्या लेकीने हौसेने काढून दिलेला दादांचा ई-मेलसुद्धा दिला. नाव तेवढे स्वतःचे. तसाही त्या फोनवर कोणाचा फोन येतो!

ई-मेलपाशी एक गंमत कळली. पत्त्याच्या मधोमध जे वेटोळे असते, त्याला इटालियन लोक चक्क गोगलगाय म्हणतात. क्योच्चोला! डॉक्टरांना ते फार आवडले. निरोप विजेच्या वेगाने जावा आणि त्याच्या पोटात एक गोगलगाय बसलेली असावी, हे त्यांना आयुष्याविषयीच काहीतरी सांगून गेले. काय, ते मात्र कळले नाही.

पाठांतर जोरात सुरू झाले. डॉक्टर लहानपणी पाढे पाठ करायचे तसे डुलत डुलत नंबर म्हणत. पान्याचा ठोका आणि नंबर, पान्याचा ठोका आणि नंबर. त्रे-नोवे-द्वे, सेत्ते-सेत्ते-झेरो, ओत्तो-चिंक्वे! त्यात एक छोटीशी गोम होती. लेकीने एकदा विचारले, “बाबा, इटालियनमध्ये शून्य म्हणजे काय?” तर डॉक्टरांनी डोळे मिटले, त्रे-नोवे-द्वेपासून गाडी सोडली, सेत्ते-सेत्तेची दोन स्टेशने घेतली आणि धापा टाकत म्हणाले, “झेरो!” आकडे सुटे येतच नव्हते. आले तर ते वरातीसारखे, सगळे एकदम आणि त्याच क्रमाने.

“येतंय ना?” बायको म्हणाली.

“येतंय? वाहतंय!”

महिना उलटत आला तेव्हा एका संध्याकाळी बायको चिंतेत बसलेली दिसली.

“अहो, दादाचा फोन सारखा एंगेज लागतोय.”

डॉक्टरांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरले.

“काल गेले होते. माझ्यासमोर फोन वाजला. बाई होती! बाहेरपर्यंत आवाज येत होता. परदेशी भाषेत काहीतरी गोड गोड! दादा पण त्याच भाषेत. आणि इस्त्रीचा शर्ट, अहो! घरात! त्या बाईने ठेवला तर दुसरीचा आला. दुसरी तर अगदी कोवळ्या आवाजाची!”

“दंतवैद्यही असेल एखादा,” डॉक्टर वर्तमानपत्रामागून म्हणाले.

“दंतवैद्य कशाला? हे लग्नाचं प्रकरण आहे! या वयात! तुम्ही जा नि काढून घ्या त्याच्याकडून. पुरुषापुरुषांत बोलेल तो.”

डॉक्टरांना प्रकरण नखशिखान्त ठाऊक होते. पण सांगावे कसे? गेले ते. दादा दाढी करून, भांग पाडून, तिपाईशेजारी ताठ बसले होते. फोनने पहिली घंटा पुरी करायच्या आत त्यांनी तो उचलला.

“प्रोन्तो!” आणि मग पत्ता. शांत, स्वच्छ, एकेक शब्द काचेच्या पेल्यासारखा अलगद ठेवत. मग नंबर. मग गोगलगाय.

“हे काय, दादा?” डॉक्टरांनी अजाणपणे विचारले.

“अहो, बिचारी कोणत्यातरी अडचणीत आहेत माणसं. जावईबापू, रोज माझा पत्ता विचारतात आणि रोज विसरतात! आधी तुमचं नाव घेऊन काहीतरी म्हणतात, म्हटलं तुमच्या ओळखीची असतील. पहिल्या दिवशी मला ओ की ठो कळेना. पण आलेला कॉल मी जन्मात कधी तोडला नाही. एका बाईंकडून विचारून विचारून शिकलो. त्यांची बेकरी आहे. आता मी त्यांना शिकवतो.” मग त्यांनी फोनवरची नसलेली धूळ पुसली. “मी कुठे राहतो हे विचारावंसं कोणाला वाटून किती वर्षं झाली!”

डॉक्टरांच्या घशाशी खरे आले होते. ते त्यांनी पाण्याबरोबर गिळले. परीक्षा जवळ आली होती. ती झाली की सांगू.

“आहे का लग्न?” घरी बायकोने दारातच विचारले.

“नाही. समाजसेवा आहे.”

आणि तो दिवस उजाडला. दुकानातला फोन वाजला. पहिला कंपाउंडर. त्याने टाय सारखा केला, आपले नाव खणखणीत सांगितले आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती इतकी शुद्ध होती की यंत्रातली वाफही थबकली. पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारले. कंपाउंडरने दोनदा आपले नावच सांगितले.

“डॉक्टर, तुम्ही!” मालकीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला, डोळे मिटले आणि सोडली गाडी! नाव. पत्ता. धबधबा नुसता! नंबर तर असा गेला की मालकीणबाईंचा पाय ठेका धरू लागला. गोगलगायसुद्धा उडी मारून गेली. पलीकडून बाई म्हणाल्या, “पेरफेत्तो!” आणि नेमक्या त्या क्षणी डॉक्टरांच्या लक्षात आले, की हे सगळे दादांचे आहे.

“नो!” डॉक्टर ओरडले. “नो, नो! इल मियो नूमेरो...”

स्वतःचा नंबर सांगायचा होता. त्यासाठी आकडे सुटे हवे होते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, जीव गोळा केला आणि तोंड उघडले.

“त्रे-नोवे-द्वे, सेत्ते-सेत्ते-झेरो, ओत्तो-चिंक्वे!”

तोच. फक्त मोठ्याने!

“सी, सी, पेरफेत्तो!” बाई हसल्या आणि फोन बंद झाला. टाळ्या पडल्या. मालकीणबाईंनी पाठ थोपटली. “काय आत्मविश्वास! नंबर दोनदा सांगितलात! आता लवकर घरी जा. संध्याकाळी त्यांचा फोन येईल.”

डॉक्टर घरी गेले नाहीत. ते हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट धावत सुटले. रस्त्यावरच्या लोकांनी भराभर वाट दिली, कारण हातात हत्यार घेतलेल्या कारागिराला असे धावताना पाहिले की कुठेतरी काहीतरी फुटणार असे वाटतेच. दादांच्या जिन्यावर पोचले तेव्हा वरून हसण्याचा आवाज येत होता.

दादा फोनवर होते. डॉक्टरांना पाहून त्यांनी तळवा उंचावला. लाइन चालू आहे, थांबा. डॉक्टरांनी हात जोडले, छातीवर बोट ठेवले, बॉयलरचा आकार हवेत काढला. अखेर दादांनी रिसीव्हरवर हात दाबून धरला.

“जावईबापू, काय हे? ही नवी बाई आहे. ही माझा नंबर विसरलेली नाही. स्वतःच म्हणून दाखवला! सारखी बॉयलर बॉयलर म्हणते, मला कळत नाही म्हणून हसतोय दोघंही.”

“दादा, ती माझी बाई आहे!”

“म्हणजे?”

“म्हणजे कारखान्याची! परीक्षेची! मी... वर्गात तुमचा नंबर दिला होता. माझा म्हणून. ती सगळी माणसं गृहपाठ करत होती. मुख्य कारागिराची जागा आहे, दादा, आता त्या बाईंनी फोन ठेवला तर गेली!”

रिसीव्हरमधून परक्या देशातली बारीक खरखर येत होती.

“म्हणजे चौकशी माझी नव्हती,” दादा म्हणाले.

डॉक्टरांना वाटले, आता ते फोन ठेवतील. ठेवावाच, असेही वाटले. पण दादांनी पाठ ताठ केली. एक्स्चेंजमधली सगळी वर्षे त्यांच्या खांद्यावर गणवेशासारखी चढली. हात काढून ते म्हणाले, “उन मोमेंतो, सिन्योरा.” मग रिसीव्हर पुढे केला. “बोला. लाइन तुमची आहे. आणि आधी नाव सांगा!”

डॉक्टरांनी नाव सांगितले. बाईंनी पुढे लांबलचक काहीतरी विचारले, ज्यात एकही आकडा नव्हता. डॉक्टरांना एक अक्षर कळले नाही. गेली खुर्ची! मग पलीकडे खटका दाबल्यासारखे झाले आणि फोनमधून एका यंत्राचा आवाज आला. घुर्र, घुर्र, टक. घुर्र, टक.

डॉक्टरांनी सवयीने डोळे मिटले.

“पंप!” ते म्हणाले. पंपाला इटालियनमध्ये काय म्हणतात देव जाणे, म्हणून त्यांनी पंपच करून दाखवला. आधी बिघडलेला, “घुर्र, टक!” मग स्क्रू-ड्रायव्हर तिपाईवर घासून झडप काढली, हवा सोडली, “फुस्स्स!” आणि शेवटी दुरुस्त झालेला, पोट भरलेल्या मांजरासारखा, “घुंऽऽऽ.”

पलीकडून बाईंनीही, अगदी गंभीरपणे, “घुंऽऽऽ” असे केले.

“पेरफेत्तो!”

जागा मिळाली! डॉक्टर नाचायचे बाकी होते. पण दादा खिडकीशी पाठमोरे उभे होते. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. एक घंटा. दोन घंटा. दादा हलले नाहीत. जन्मात पहिल्यांदा ते फोन वाजू देत होते, आणि तो आवाज त्या खोलीत कोणाला तरी हाक मारावी तसा रिकामाच फिरत होता.

डॉक्टरांनी उचलला. बेकरीवाल्या बाई होत्या, आणि आज त्या इटालियन बोलत नव्हत्या.

“अय्या, डॉक्टर तुम्ही? पत्ता नकोय मला, पाठ आहे तो केव्हाच. ते तुमच्या घरचे दुसरे आहेत ना, शांत आवाजाचे, त्यांना द्या की जरा. म्हटलं, आज जेवले का विचारावं.”

डॉक्टरांनी रिसीव्हर पुढे केला. “दादा, लाइन तुमची आहे.”

दादांनी आधी कॉलर सारखी केली, मग रिसीव्हर घेतला, आणि नाव सांगितले. स्वतःचे.

पुढच्याच महिन्यात डॉक्टर प्रशिक्षणाला गेले. पहिल्या संध्याकाळी त्यांना घरची फार आठवण आली. मोबाइल तिथे चालेना. म्हणून ते वसतिगृहाच्या चौकशीच्या खिडकीपाशी गेले, आणि तिथल्या बाईंना, अस्खलित इटालियनमध्ये, त्यांना सांगता येत असलेला जगातला एकमेव नंबर सांगितला. बाईंनी तो फिरवला, कान दिला, आणि मान हलवली. आणि वर्गात कधीच न शिकवलेला एक शब्द डॉक्टरांना कोणीही न सांगता समजला.

“ओक्कुपातो.”

एंगेज! रात्री जेवायच्या वेळेपर्यंत त्यांनी बाईंना तो पुन्हा पुन्हा फिरवायला लावला. बेकरीवाल्या बाईंचे बोलणे काही संपले नाही.