अण्णांच्या गालातल्या पेशी

चातुर्मास लागल्यापासून कारभारीच्या घरात कांदा नव्हता. शेतावरच्या चाळीत ढिगानं होता, घरात नव्हता. नेम त्याच्या बायकोचा, ज्योतीचा. ती तो गुपचूप पाळायची. गावभर सांगायचं काम कारभारीनं आपणहून अंगावर घेतलं होतं.

पंचाईत झाली ती त्यांच्या नववीतल्या लेकीची, संस्कृतीची. पालकांसमोर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दाखवायच्या होत्या, आणि ज्याला काचपट्टी बिनचूक वाचता येईल तोच नेवाशाच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होती. बाकीची मुलं कांद्याचा पापुद्रा आणणार.

"कांद्याला हात लावायचा न्हाई," कारभारी म्हणाला. "माझ्या गालातल्या पेशी घे. बाप कशाला हाय?"

पेशी दाखवायच्या दिवशी तो घोडेगावच्या बाजारात बैल बघून परस्पर शाळेत आला, तोवर बाकीच्यांचे कांद्याचे पापुद्रे बघून झाले होते. विज्ञानाच्या आयेशा मॅडम म्हणाल्या, "आधी चूळ भरून या."

"तोंड निर्मळ हाय मॅडम. चातुर्मास पाळतो आमी."

संस्कृतीनं काडीनं गाल आतून अलगद खरवडला, काचपट्टीवर निळ्या रंगाचा थेंब सोडला. मॅडमनी टीव्हीला जोडलेला मोबाईल भिंगावर धरला. सगळ्या वर्गाला पडद्यावर दिसू लागलं.

"ह्या पसरट, वेड्यावाकड्या. मधला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. माणसाच्या पेशी," संस्कृती म्हणाली.

"शाबास. आणि त्या कोपऱ्यात?"

कोपऱ्यात विटा रचल्यासारख्या लांबट चौकटी होत्या. संस्कृतीनं पडद्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"सांग की," कारभारी म्हणाला. "लाजती कशाला? माझ्याच हायेत."

"अण्णा, त्या तुमच्या न्हाईत."

"मग काय शेजाऱ्याच्या?"

"यांना पेशीभित्तिका हाय. वनस्पतीच्या हायेत." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "कांद्याच्या."

पालकांत बसलेल्या ज्योतीनं पदर सावरला आणि हळूच विचारलं, "बाजारात मिसळ खाल्ली व्हय?"

"वर जरासा भुरभुरला हुता," कारभारी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. मग एकदम मान वर झाली. "पन पोरीनं वळखलं का न्हाई? बापाची बी भीड धरली न्हाई. नजर बघा तिची."

मॅडमनी हसू दाबत प्रदर्शनासाठी संस्कृतीचं नाव जाहीर केलं. "आता गालातल्या पेशी द्यायला पुढचे पालक कोण?"

उपासतापासाच्या गप्पा मारत पुढं बसलेल्या बन्सीला म्हशीची धार काढायची आठवण झाली. दुसऱ्याला मोटार बंद करायची होती. तोंडावर रुमाल धरून बापेमाणसं एकेक करून दाराकडं सरकली.

ज्योती उठली. चूळ भरून आली आणि लेकीसमोर बसली.

"माझं घे बाळा. अन् दिसंल ते सांग."

पडद्यावर निळ्या, पसरट पेशी उमटल्या. दुसरं काही नव्हतं.

कारभारी धावत दारापर्यंत गेला आणि बाहेर पळणाऱ्यांना हाका मारू लागला, "आरं थांबा की, ह्या बघून जा. ह्या बी आमच्याच घरातल्या हायेत."