कंप्रेसर मौजे खारवाडीस कैसा आला, त्याची साद्यंत हकीगत

श्रीबल्लाळेश्वर कृपा करो. पुण्यास नोकरीनिमित्त मुक्कामास असलेली कन्या राही हिने फोनवरून पुसिले जे, आई म्हणते मशीन बाबांनी घेतलं, बाबा म्हणतात आईने घेतलं, तर नक्की घेतलं कोणी आणि कशाला? ऐसियास उभय पक्षांच्या जबान्या घेऊन, शेजारच्या साक्षी पडताळून, जे जाहले ते मुळापासून लिहिले असे. चित्त देऊन वाचावे. मध्ये मोबाइल पाहू नये.

खारेपाट प्रांती मौजे खारवाडी येथे काळूरामराव नामे ट्रकबहाद्दर नांदत होते. त्यांनी एकतीस वर्षे दहा चाकांची गाडी न्हावाशेव्यापासून इंदुरापावेतो दौडविली, आणि घाट उतरले, आणि टोलनाके जेर केले, आणि ढाब्याढाब्यावर नाव राखिले. मग गेल्या साली त्यांचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. क्लच दाबवेना. तेव्हा निरुपाय होऊन गाडी पालीच्या एका खडीवाल्यास विकिली. तहात गाडी गेली, ताडपत्री गेली, कर्णा गेला, आरशाला बांधलेला काळा गोंडाही गेला. मात्र ऐन निघतेवेळी रावांनी एक चाक, म्हणजे जादाची स्टेपनी, खाली उतरवून घेतली आणि ती देणार नाही ऐसे सांगितले. खडीवाला भला माणूस. त्याने का म्हणून पुसिले नाही.

घराशेजारी रावांचे गॅरेज होते. त्याचा दरवाजा ट्रकाच्या उंचीचा. आता त्यात राहीच्या आईची, सगुणाबाईंची, स्कूटर उभी असे, ती ऐसी दिसे जैसी देवळात विसरलेली चप्पल. आणि मागल्या भिंतीस ती स्टेपनी टेकलेली असे.

ट्रकवाल्यांचा रिवाज ऐसा की, चाकात हवा कितपत आहे हे टॉमी म्हणजे लोखंडी दांडा हाणून आवाजावरून ओळखावे. टण्ण आले तर भरले, थप आले तर बसले. गाडी गेली तरी राव दर रविवारी सकाळी टॉमी घेऊन गॅरेजात जात आणि स्टेपनीस एक ठोका देत आणि टण्ण ऐकून मग चहा घेत. ऐसे चालत असता फाल्गुनातल्या एका रविवारी ठोका दिला, तो आवाज आला: थप.

रावांनी आणखी दोन ठोके दिले. थप. थप. त्या दिवशी चहा तसाच निवला.

आता स्टेपनी लोटत नाक्यास न्यावी, तर नाका पाच किलोमीटर आणि गुडघे शत्रूस मिळालेले. टेंपोत घालून न्यावी, तर पंक्चरवाला पुसणार की, काळूरामशेठ, गाडी कुठाय?  सबब त्यांनी जाहीर केले की, सगुणाबाईंच्या स्कूटरीच्या मागल्या चाकात हवा ठरत नाही, रयतेचे हाल होतात, तरी घरात कंप्रेसर आणणे जरूर. सगुणाबाई ओटीवर पांढऱ्या कांद्याच्या माळा गुंफीत होत्या. स्कूटरीचे मागले चाक त्यांनी त्याच सकाळी दाबून पाहिले होते. ते दगडासारखे होते. परंतु ते तीन थपही त्यांनी ऐकिले होते. सबब त्यांनी माळेत पुढला कांदा गुंफिला.

मग मसलत बसली. पनवेलीहून पुतणे प्रज्योतराव मोबाइलसह पाचारिले. त्यांनी वर्तमान निवेदिले: "काका, सिंपल हाय. तीन टाइप येतात. ऑइलवाला, बिनऑइलवाला आनि स्वस्तवाला. स्वस्तवाला घेतला तर नंतर माझं नाव नाय घ्यायचं." रावांनी फर्माविले की, टाकी दोनशे लिटरांची असावी आणि मोटार तीन घोड्यांची असावी, त्याहून कमी दौलतीस शोभत नाही. प्रज्योतराव चकित होऊन म्हणाले, "स्कूटरला? काका, उडंल ती!"

तेव्हा सगुणाबाईंचा हुकूम सुटला. कांद्याच्या माळांचे दहा हजार आले आहेत, तोच खजिना. त्यापुढे मोहीम नाही. यंत्र घरच्या मीटरवर चालले पाहिजे. तीन घोडे जुंपून आळीचे पंखे बंद पाडू नयेत. आणि ते मला एकटीस उचलता आले पाहिजे, कारण उचलणार कोण हे गुडघ्यांना ठाऊक आहे. राव म्हणाले, "राहीची आय, तुला मशीनमधलं काय कळतं?" बाई म्हणाल्या, "व्हय, मना कुठलं कळतंय!" आणि पिशवी घेऊन पुतण्याच्या मोटारीत जाऊन बसल्या.

मग प्रज्योतरावांच्या मोटारीतून खासा स्वारी अलिबागेस कूच करती जाहली. रावांनी टॉमी सोबत घेतली.  पेठेत हितेशशेठ यांचे दुकान, तेथे फौज उतरली. शेठजींनी चहा मागविला आणि कोपऱ्यातील एक तांबडा, धिप्पाड, जुना कंप्रेसर पुढे केला. दोनशे लिटर, तीन घोडे, किंमत नऊ हजार. रावांचे नेत्र पाणावले. त्यांनी पिशवीतून टॉमी काढिली आणि भर दुकानात टाकीच्या मस्तकी ठोका हाणिला. टण्ण! शेठजींचा चहा सांडला. "काका, आ शूं करो छो? टायर नाय ते!" परंतु रावांचा कौल लागला होता. म्हणाले, "माल खरा हाय. आवाज सांगतोय."

मीटर आणि वजन ही कलमे त्या ठोक्यात वाहून जातात, ऐसा रंग दिसला. तेव्हा सगुणाबाई पुढे सरल्या आणि पुसत्या जाहल्या, "शेठ, ह्याच्यातलं पानी कुठून जातंय?"

"पानी कसं, काकी? यामध्ये तो हवा असते."

"हवेत पानी नसतंय? मग माझ्या बापाचं मीठ पावसाळ्यात ओलं कनाला व्हायचं?"

सगुणाबाई मिठागरात वाढल्या. तिकडे बांधात एक दार ठेवितात, त्यास उघडी म्हणतात. आत शिरलेले पाणी ओहोटीस तेथून सोडितात, आणि उघडी अडकली तर बांध आतून कुजतो. बाईंनी पदर खोचला, खाली बसल्या, टाकीच्या पोटाखाली हात घालून चाचपडले आणि एक गंजलेली तोटी पकडिली. ती फिरेना. बाईंनी रावांच्या हातून टॉमी घेतली, तोटीत अडकविली आणि पिळली. तो आतून विटकरी पाणी भळाभळा सुटले आणि प्रज्योतरावांचे पांढरे बूट रणांगणी पडले.

"काकी! कालच घेतले!"

बाईंनी टॉमी परत दिली आणि बोट दाखविले की, आता खालच्या अंगास हाणा. रावांनी हाणिले. थप.

 शेठजींनी घाम पुसला आणि शपथ वाहिली की, तळ आतून कुजल्याचे आपणास ठाऊक नव्हते, हा तांबडा आता थेट भंगारात जाईल. मग मुकाट्याने आतून एक नवा कंप्रेसर लोटीत आणिला. निळा, चोवीस लिटर, एक घोडा, खाली दोन चाके, वर मूठ, पोटाखाली पितळी तोटी बोटाने फिरणारी. किंमत साडेआठ हजार, गॅरंटीसह. बाईंनी मूठ धरून उचलून पाहिला. उचलला.

रावांनी त्या बाळाकडे बहुत वेळ पाहिले. टॉमी उगारली नाही. मग हळूच, शेठजींस नव्हे, निळ्या यंत्रासच पुसल्यागत बोलले, "ह्यानं ट्रकचं चाक भरंल का?"

प्रज्योतराव म्हणाले, "ट्रक? कुठला..." आणि बाईंनी त्यांच्या ओल्या बुटावर पाय ठेविला.

शेठजी म्हणाले, "भरशे काका. पण टाइम लागशे. मधी मधी थंड करावा लागेल. तास तरी धरा."

रावांची मान खाली गेली. तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "लागूंदे की तास. आता आपल्याला कुठं भाडं घेऊन इंदूर गाठायचंय?"

येणेप्रमाणे तह जाहला आणि यंत्र गाडीत चढले.

गॅरेजात वीज जोडिली, तो ऐसा धडधडाट उठला की कोंबड्या केळीत शिरल्या आणि आळी लोटली. स्कूटरीचे चाक नावास अर्धे मिनिट घेऊन भरले. राव नळी गुंडाळू लागले. इतक्यात बाईंनी ती त्यांच्या हातून घेतली, मागल्या भिंतीस गेल्या आणि कोणास न पुसता स्टेपनीस लाविली. म्हणाल्या, "बसा. उभं नका राहू गुडघ्यांवर."

मग एक घोडा दहा चाकांच्या गाडीचे एक चाक भरीत राहिला. दोनदा दमला, दोनदा थंड केला, दोनदा चहा जाहला. आळीतल्या कोणीही गाडी कोठे म्हणोन पुसिले नाही. सर्वांस ठाऊक होते, आणि सर्व मांडी घालून बसले होते. सव्वा तासाने काटा जागी आला. राव उठले, टॉमी घेतली, आणि ठोका दिला.

टण्ण.

बाईंनी खाली वाकून पितळी तोटी सोडिली. चमचाभर पाणी आले. मोहीम फत्ते जाहली.

तरी राही, कोणी घेतले ते उभयतांत अद्याप ठरलेले नाही, आणि ठरविण्याची तजवीजही दिसत नाही. इतकेच ध्यानी असावे की, रविवारी सकाळी फोन केलास आणि मागून टण्ण ऐसा आवाज आला, तर दचकू नये. घरी सर्व कुशल आहे आणि बाबा आता चहा घेतील, ऐसे समजावे.