मैनाराजे यांच्या एका शब्दाची हकीगत

श्री कुलस्वामिनी ऐकणारांस आयुष्य देवो आणि लिहिणाराचा हात थरथरू न देवो. शके सतराशे चव्वेचाळीस, चित्रभानु नाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्यात मैनाराजे नामे राजकन्या उपवर जाहल्या, आणि शेजारच्या राज्यीचे तरुण महाराज यांजकडून सोयरिकीचे पत्र आले. महाराज टोपीकर मास्तरापाशी शिकलेले, आणि मजकूर ऐसा की, तसबिरी बहुत पाहिल्या, सर्व लबाड. कन्येचे रूप एका इंग्रजी शब्दात लिहून पाठवावे, आम्ही येऊन पडताळू, शब्द खोटा ठरला तर सोयरीक मोडली. मग दरबारात इंग्रजी जाणणारे एकटे दुभाषी रंगो बाबदेव, वय साठ, यांजवर कामगिरी आली. परंतु त्या घराण्याची चाल अशी, की परपुरुषाने राजकन्येस चिकाच्या पडद्यातून, बसलेली, एक घटका पाहावे, अधिक नाही. रंगोपंतांनी तैसे पाहिले, आणि घरी येऊन कोश उघडिला, तो काय, बारीक माणसाकरिता टोपीकरांनी शब्दांची नुसती जत्रा भरविलेली! ‘स्किनी’ म्हणावे तर बरगड्या मोजून घ्याव्या ऐसा अर्थ, तो धाडिला तर उद्या तोफा डागाव्या लागतील. ‘लँकी’ म्हणावे तर हातपाय इतके लांब की कोठे ठेवावे हे धन्यासच कळेना. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ, बरा, परंतु किरकोळ. ‘स्वेल्ट’ शोभिवंत खरा, पण त्यास उंची वस्त्र आणि शहरी ऐट लागते. ‘लाइद’ म्हणजे वेतासारखे लवणारे आणि चपळ अंग. आता बसलेल्या मुलीचे लवणे कोणी पाहिले? ‘स्लेंडर’ मात्र शेलाटी, नाजूक, सुबक, आणि पंतांस तोच पसंत पडला.

मग आईसाहेब कडाडल्या, “अहो पंत, माझ्या लेकीस बारीक लिहिता? सासरची माणसं म्हणतील, माहेरी उपाशी ठेवली!” पंत म्हणाले, “बारीक नव्हे आईसाहेब, शेलाटी. ही स्तुती आहे.” “स्तुती आहे तर दोनदा लिहा!” आता काय सांगावे! कशीबशी समजूत काढिली, आणि पत्रावर मोहोर होऊन सांडणीस्वार रवाना जाहला.

तिसरे दिवशी मैनाराजे यांनी पंतांस बोलाविले आणि शब्दाचा अर्थ पुसला, आणि ऐकून कपाळास हात लाविला. “नाजूक? अहो पंत, गादीवर बसवतील, वारा घालतील आणि जन्मभर उठू द्यायचे नाहीत मला! तुम्ही मला बसलेली पाहिलीत. मी दिवसातून बसते किती?” ऐसे बोलून पडदा सारिला, कासोटा खोचिला, आणि अंगणातल्या मल्लखांबावर दोन ढांगांत चढून, एका पायाच्या विळख्यावर उलट्या लोंबकळून, कमान करून, पीळ घेऊन खाली उतरल्या, आणि दमही लागला नाही. पंतांचे तोंड उघडे ते उघडेच. “अरे देवा, हा तर दुसराच शब्द!” परंतु सांडणी साठ कोस गेलेली. मग पंतांस अन्न गोड लागेना. गप्प राहावे तर बसलेली मुलगी पाहून महाराज राजी होतील, आपली चाकरी राहील आणि पोर मात्र कोंडली जाईल. बोलावे तर सोयरीकही गेली आणि चाकरीही.

पुढे महाराज आले आणि संगे पालखी आणिली. आत पिसांच्या उशा, दोहों बाजूंस पंखेवाले, बारा भोई, आणि वारा बाधू नये म्हणून एक वैद्य. महाराजांनी पडद्यातून पाहिले आणि म्हणाले, “स्लेंडर. शब्द खरा. सोयरीक मान्य.” चौघडा झडला, साखर वाटली, आणि पडद्याआड मैनाराजे यांची मान खाली गेली, ती पंतांनी पाहिली, आणि म्हातारा उठून उभा राहिला. “महाराज, शब्द खोटा आहे. लिहिणारा मीच.”

“पंत, वेड लागलं का?” आईसाहेब ओरडल्या. “ठरलेलं लग्न मोडता?”

महाराज म्हणाले, “मग खरा कोणता?” पंत म्हणाले, “तो बसून दिसत नाही. बाईसाहेबांस उठू द्यावे.” आणि कोणी हो-ना म्हणण्याआधी मैनाराजे उठल्याही, आणि अंगणात धावल्या, आणि दरबार मागोमाग धावला, आणि पाहतात तो राजकन्या खांबाच्या शेंड्यावर आडवी तरंगते आहे. महाराज खुळ्यासारखे हसू लागले. “लाइद! मास्तराने तीन वर्षे समजाविला, आज समजला. पण बाईसाहेब, आमच्याकडे मल्लखांब नाही हो!”

वरून उत्तर आले, “मग आधी तो पुरा, नंतर मुहूर्त काढा!”

त्याप्रमाणे खांब पुरला, लग्न जाहले, आनंदास पारावार नाही. वरात निघाली तेव्हा मैनाराजे घोड्यावर सर्वांपुढे, आणि रिकाम्या पालखीचा मान महाराजांनी रंगो बाबदेव यांस दिधला. पंत पिसांच्या उशांत बसले, पंखे हलू लागले, वैद्य नाडी धरून बसला. पहिल्या कोसास बहुत सुख वाटले. दुसऱ्या कोसास पाय अवघडले. तिसऱ्या कोसास पंतांनी पडदा फाडला आणि ओरडले, “अरे, उतरवा मला! मी चालतो!”

ऐसे वर्तमान घडले. पंत उरलेला रस्ता पायी, हसत गेले. लिहिणारानेही हे उभे राहूनच लिहिले.